‘मिनी’ मोटार : कालची आणि आजची

एकाच नांवाच्या दोन वस्तु चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतरानें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या असतां, मधल्या काळांत माणसाच्या गरजा, त्याची भीति आणि त्याची हौस यांत काय फरक पडला तें फार स्पष्ट दिसून येतें. ती वस्तु दिवा असो, घड्याळ असो कीं शाळेंतील बांक असो. प्रस्तुत लेखासाठीं आम्हीं मोटारगाडी निवडली आहे. विद्यार्थ्यांस तिच्याविषयीं स्वाभाविक कुतूहल असतें. आणि मोटार घ्यावी कीं न घ्यावी, घेतल्यास कोणती घ्यावी, हा प्रश्न पुष्कळ पालकांच्याहि मनांत घोळत असतो.

इंग्लंडांत १९५९ सालीं ‘मिनी’ नांवाची एक अगदीं लहान मोटार निघाली. ती पुढें ४१ वर्षें सतत तयार होत होती. ती बंद झाल्यावर २००१ सालीं त्याच नांवाची नवी मोटार निघाली व तिच्या पुढील पिढ्या आजहि विकल्या जातात. दोघींनाहि दारें दोन आणि आसनें चार. दोघींचे दिवे वाटोळे, चेहरा एकमेकींशीं जुळता. ऑक्सफर्ड शहराजवळ काउली येथें जो कारखाना नव्या गाड्या तयार करतो, तेथेंच जुन्यांपैकींहि पुष्कळ तयार झाल्या होत्या. असें असतां दोघी शेजारीं उभ्या केल्या तर नवी ही जुनीची आई शोभेल! ‘मिनी’ याचा अर्थच मुळीं ‘चिमुकली’. मग ही चिमुकली एवढी मोठी कां झाली, आणि ही वाढ सार्थ आहे कीं व्यर्थ, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम जुनीचा जन्म कसा झाला तें पाहूं. १९५६ सालच्या जुलै महिन्यांत ईजिप्तचे अध्यक्ष नासर यांनीं सुएझचा कालवा आपल्या राष्ट्राच्या ताब्यांत घेतला. त्यावरून युद्ध झालें, कालवा बंद पडला आणि पूर्वेकडून युरोपास जाणाऱ्या तेलाची वाट अडली. त्या डिसेंबरपासून पुढील मे महिन्यापर्यंत इंग्लंडांत पेट्रोल मोजून मापून मिळूं लागलें. तेव्हां लोकांनीं जर्मनीकडील ‘बबल’ गाड्या घेण्यास आरंभ केला. बुडबुड्यासारख्या गोल आकाराच्या त्या गाड्यांत कशीबशी दोन-तीन माणसें मावत. पण त्यांना पेट्रोल थोडें लागे. ‘ऑस्टिन’ व ‘मॉरिस’ हीं दोन घराणीं १९५२ सालीं एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही कंपनी झाली होती. तिचे प्रमुख सर लेनर्ड लॉर्ड यांना या गाड्यांचा मोठा तिटकारा असे. त्यांनीं आपले रचनाकार अलेक इसिगोनिस यांस सांगितलें कीं, पेट्रोल थोडें खाणारी, पण खरीखुरी अशी लहान मोटार तयार करा. अट एकच होती : इंजिन मात्र कंपनीजवळ जें तयार आहे तेंच वापरावें.

हे इसिगोनिस १९०६ सालीं स्मर्ना शहरीं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील इझ्मिर येथें, जन्मले. वडील ग्रीक वंशाचे, आई जर्मन. पहिल्या महायुद्धानंतरच्या ग्रीक-तुर्की लढाईंत त्या कुटुंबास घरदार सोडून निघावें लागलें आणि तरुण अलेक आईबरोबर इंग्लंडांत आला. तेथें यंत्रविद्या शिकतांना तो गणिताच्या परीक्षेंत तीन वेळां नापास झाला. विद्यार्थ्यांनीं यावरून गणित सोडून देण्याचा धडा मात्र घेऊं नये. कारण त्याच्या हाताखालीं गणित करणारीं माणसें होतीं, आणि त्यांच्यावांचून त्याचें चाललें नसतें. हाताने झरझर चित्रें काढून यंत्राची कल्पना मांडण्यांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या काळच्या बहुतेक इंग्रजी मोटारींची रचना ठराविक असे. इंजिन पुढें, गाडीच्या लांबीच्या दिशेनें ठेवलेलें. त्याच्या पाठीमागें गिअरची पेटी. आणि तेथून एक लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालून मागच्या आंसापर्यंत गेलेला. इंजिनाची शक्ति या दांड्यानें मागच्या चाकांस मिळे. ही रचना आपल्या लोकांसहि परिचयाची आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ सालीं निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सींत मागें मधोमध बसणारास पाय कोठें ठेवावे असा प्रश्न पडे, तो तळाच्या मधल्या उंचवट्यामुळें. त्या उंचवट्याखालूनच हा दांडा फिरत असे. अशा रचनेंत गाडीच्या लांबीचा मोठा हिस्सा यंत्रासच द्यावा लागतो. माणसें उरलेल्या जागेंत बसतात.

इसिगोनिस यांनीं हिशेब उलटा मांडला. गाडी दहा फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट उंच अशा पेटींत मावावी, आणि त्या दहा फुटांपैकीं सहा फूट माणसांचे, असें त्यांनीं आधीं ठरवून टाकलें. यंत्रानें उरलेल्या जागेंत कसें बसावें हें मग पाहावयाचें. सगळ्या गोष्टीचें मर्म या एका निश्चयांत आहे. माणसांची जागा एकदां कायम केल्यावर इंजिन लांबीच्या दिशेनें ठेवणें अशक्यच झालें. म्हणून त्यांनीं तें आडवें ठेवलें. आडवें ठेवल्यावर गिअरच्या पेटीस शेजारीं जागा उरेना. म्हणून ती इंजिनाच्या खालीं, त्याच्या तेलाच्या कुंडांतच बसविली, आणि एकच तेल दोहोंस पुरूं लागलें. शक्ति पुढच्याच चाकांस दिल्यामुळें पोटाखालचा लांब दांडा नाहींसा झाला व त्याबरोबर तळाचा मोठा उंचवटाहि गेला.

यांतून एक नवीन अडचण उत्पन्न झाली. पुढचीं चाकें वळणारीं असतात. वळलेल्या चाकास शक्ति पोंचवावयाची तर दांड्यास सांधा पाहिजे. साध्या सांध्यानें वळतांना चाक एकसारखें न फिरतां हिसके देतें व ते हिसके चालकाच्या हातास जाणवतात. म्हणून कोणत्याहि कोनांत सारख्या गतीनें फिरणारा असा खास सांधा वापरण्यांत आला. चाकांनीं आंतील जागा खाऊं नये यासाठीं त्यांचा व्यास अवघा दहा इंच ठेवला. एवढे लहान टायर डनलॉप कंपनीनें मुद्दाम तयार करून दिले.

गाडीस हिसके बसूं नयेत म्हणून ज्या कमानी लावतात, त्यांचीहि युक्ति लक्षांत घेण्यासारखी आहे. रिकामी गाडी सुमारें ६०० किलो वजनाची. तींत चार माणसें व थोडें सामान चढलें कीं ३०० किलोंची भर पडते, म्हणजे भार एकदम दीडपट होतो. पोलादी कमान चार माणसांस पुरेल इतकी ताठ केली, तर एकट्या चालकाची हाडें खिळखिळीं होतील. एकट्यास सुखकर होईल इतकी मऊ केली, तर चार माणसांनीं गाडी जमिनीला टेंकेल. अलेक्स मोल्टन नांवाच्या यंत्रज्ञानें यावर रबराचे शंकु सुचविले. रबर जसजसें अधिक दाबावें तसतसें तें अधिक ताठ होत जातें. म्हणून कमी भारास तें मऊ व जास्त भारास कणखर असें आपोआप होतें. शिवाय तें जागाहि थोडी घेतें.

अशा रीतीनें जागेचा इंच अन् इंच वाचविला होता. पत्र्यांच्या जोडांच्या कडा बाहेरच्या बाजूस काढल्या. दारांच्या कांचा खालीं न उतरतां आडव्या सरकत. त्यामुळें दाराच्या पोटांत कांच ठेवण्याची गरज उरली नाहीं व तेथें सामानासाठीं मोठे खण झाले. दार आंतून उघडावयाचें तर एक तार ओढावयाची. शेवटीं हिशेब असा झाला कीं, गाडीनें व्यापलेल्या जमिनीपैकीं शेंकडा सुमारें ८० भाग माणसांस व सामानास मिळाला. आरंभीं इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचें होतें. पण नमुन्याची गाडी त्यानें फारच पळूं लागली, तेव्हां तें मुद्दाम लहान करून ८४८ घन सेंटिमीटरचें केलें. शक्ति वाढविण्याची स्पर्धा चालूं असलेल्या धंद्यांत ती जाणूनबुजून कमी केल्याचें हें उदाहरण विरळाच म्हटलें पाहिजे.

१९५७ सालच्या मार्चांत हें काम सुरू झालें व १९५९ सालच्या २६ ऑगस्ट रोजीं गाडी लोकांपुढें आली. किंमत करासह पांचशें पौंडांच्या आंत होती. गाडी निर्दोष मात्र नव्हती. आरंभींच्या गाड्यांत तळाच्या पत्र्याच्या एका जोडाची कड उलट बाजूस आल्यामुळें पावसाचें पाणी आंत शिरे. इंजिनाचा ठिणगी वांटणारा भाग पुढच्या जाळीसमोरच असल्यामुळें मुसळधार पावसांत तो भिजून गाडी बंद पडे. आवाज फार, बैठक ताठ. कंपनीस या गाडीवर नफाहि फार थोडा राहत असे असें म्हणतात. तथापि ती वळणावर रस्त्याला अशी चिकटून धांवे कीं, जॉन कूपर या शर्यतीच्या गाड्या बनविणाऱ्या गृहस्थानें तिची जोरदार आवृत्ति काढली. आणि १९६४, १९६५ व १९६७ या तीन सालीं माँटे कार्लोच्या कठीण शर्यतींत तिनें आपल्याहून कितीतरी बलाढ्य गाड्यांस मागें टाकलें. २००० सालच्या ऑक्टोबरांत शेवटची मिनी कारखान्यांतून बाहेर पडली तोंपर्यंत अशा सुमारें ५३ लाख ८७ हजार गाड्या तयार झाल्या होत्या.

आतां नवीकडे वळूं. १९९४ सालीं जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें मिनी बनविणारी रोव्हर कंपनी विकत घेतली. पुढें २००० सालीं बाकीचा बराच धंदा विकून टाकतांना तिनें ‘मिनी’ हें नांव मात्र जवळ ठेवलें. २००१ सालची पहिली नवी गाडी ३.६३ मीटर लांब होती. तुलनेसाठीं आपण २०१३ सालीं जगापुढें आलेली तिसऱ्या पिढीची दोन दारी ‘कूपर’ घेऊं. कारण ती दहा वर्षें खपली व तिचे आंकडे सुपरिचित आहेत.

जुनी ३.०५ मीटर लांब व १.४१ मीटर रुंद, नवी ३.८२ मीटर लांब व १.७३ मीटर रुंद. म्हणजे जुनीनें जमीन व्यापली सुमारें ४.३ चौरस मीटर, तर नवीनें ६.६; दीडपटीहून थोडी अधिकच. उंचींत मात्र सहा सेंटिमीटरांचाच फरक आहे. वजन जुनीचें सुमारें ६०० किलो, नवीचें सुमारें १,१००. जुनीचें इंजिन ८४८ घन सेंटिमीटर व ३४ अश्वशक्तीचें; नवीचें १,४९९ घन सेंटिमीटर व सुमारें १३४ अश्वशक्तीचें, म्हणजे जवळजवळ चौपट. जुनीस थांबलेल्या स्थितींतून ताशीं ६० मैलांचा वेग घेण्यास २७ सेकंद लागत. नवी ताशीं १०० किलोमीटरचा वेग, जो जवळजवळ तितकाच आहे, आठ सेकंदांच्या आंत घेते. १९५९ सालच्या एका परीक्षेंत जुनीनें लिटरमागें सुमारें १५ किलोमीटर मजल मारली. नवीचा आंकडा युरोपांतील त्या वेळच्या सरकारी परीक्षेंत सुमारें २२ भरला; ही परीक्षा प्रयोगशाळेंत होत असल्यामुळें रस्त्यावर तो कमी येतो. तरीहि जवळजवळ दुप्पट वजनाची व चौपट शक्तीची गाडी पेट्रोल अधिक खात नाहीं, ही गोष्ट यंत्रविद्येस भूषणावह आहे.

आतां एक साधें गणित विद्यार्थ्यांनींच करून पाहावें. शंभर मीटर लांबीच्या रस्त्याच्या कडेस दर गाडीमागें एक मीटर मोकळी जागा सोडून गाड्या उभ्या केल्या, तर जुन्या २४ मावतील व नव्या २०. दोहोंत माणसें चारच बसतात. शिवाय नवींत मागच्या आसनावर बसणाऱ्या प्रौढ माणसाच्या गुडघ्यांस फारशी ऐसपैस जागा नाहीं, अशी तक्रार परीक्षकांनीं वारंवार केली आहे. मग वाढलेली लांबी, रुंदी व वजन गेलें कोठें?

त्यांतील मोठा भाग जीवरक्षणाकडे गेला, हें या प्रश्नाचें पहिलें व प्रामाणिक उत्तर आहे. पदार्थविज्ञानांत शिकलेला एक नियम येथें आठवावा. गाडी ताशीं ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर, या वेगानें भिंतीवर आदळली तर तो आघात दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खालीं पडण्याइतका असतो. वेग तर नाहींसा व्हावयाचाच. तो किती अंतरांत नाहींसा होतो यावर आंतील माणसाचें जगणें-मरणें अवलंबून असतें. अवघ्या १० सेंटिमीटरांत तो थांबला, तर ६० किलोच्या मनुष्यावर पडणारा जोर सहा टनांच्या आसपास जातो. तेंच अंतर ६० सेंटिमीटर झालें, तर जोर एक टनापर्यंत उतरतो. एक टन हाहि लहान नव्हे. परंतु रुंद पट्ट्यानें तो छातीवर व कमरेवर वांटला गेला तर माणूस वांचूं शकतो.

या पन्नास सेंटिमीटरांसाठींच नवी गाडी लांब झाली आहे. तिचें नाक मुद्दाम अशा पत्र्याचें केलेलें असतें कीं, तें टकरीच्या वेळीं घडी पडत चुरगाळावें. आणि माणसें बसतात तो पिंजरा मात्र जाड व कणखर पोलादाचा असावा, म्हणजे तो चेपूं नये. दारेंहि जाड, त्यांच्या पोटांत आडवे पोलादी दांडे असतात. पुढें व बाजूंस एअरबॅगा. या एकेका गोष्टीनें दोन-चार इंच व दहा-वीस किलो वाढतात. जुन्या मिनींत इंजिन व चालक यांच्या पुढें चुरगाळण्यास जागाच फारशी नव्हती. दाराचे ते सोयीचे खण म्हणजे बाजूच्या टकरींत माणूस व बाहेरचें जग यांमध्यें उरलेला केवळ एक पातळ पत्रा होय. इसिगोनिस यांचा भर अपघात टाळण्यावर होता : गाडी चपळ असावी, ब्रेक व वळण हुकमी असावें, म्हणजे संकट टळेल. चालक सावध असतां हें खरेंहि असतें. पण समोरून येणारा सावध असेलच असें नाहीं.

येथें इतिहासांतील एक नवल सांगितलें पाहिजे. ज्या १९५९ सालीं मिनी बाजारांत आली, त्याच सालीं स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीनें निल्स बोहलिन यांनीं शोधलेला खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा आपल्या गाड्यांस लावण्यास आरंभ केला. आणि त्याच सालीं जर्मनीच्या मर्सिडीझ कंपनीनें बेला बारेन्यी यांच्या कल्पनेप्रमाणें चुरगाळणाऱ्या नाकाची पहिली गाडी आणली. म्हणजे जागा वाचविण्याची विद्या व जीव वाचविण्याची विद्या ह्या एकाच वर्षीं प्रगट झाल्या. पण पहिली लहान गाडींत, तर दुसरी मोठ्या गाड्यांत. जुन्या मिनीस चालकापुढील एअरबॅग मिळाली ती १९९६ सालीं. तोंवर लहान गाडी घेणारानें जागेबरोबर धोकाहि पत्करावा, असाच जणूं संकेत होता.

दुसरा भाग हवेच्या शुद्धतेकडे गेला. जुन्या इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटर अंदाजानें करी. अर्धवट जळलेला वायु तसाच रस्त्यावर सुटे. नवींत पेट्रोलचा थेंब अन् थेंब विद्युत्-यंत्रणेनें मोजून जातो आणि धुराच्या नळींतील शोधक पेटी विषारी कर्बवायूचें व नत्रवायूच्या संयुगांचें रूपांतर बऱ्याच अंशीं निरुपद्रवी वायूंत करते. जुनींत रस्त्यावरील माणसाच्या फुफ्फुसांचा विचार नव्हता. नवींत तो कायद्यानें करावा लागतो.

तिसरा भाग सुखाकडे व हौसेकडे गेला. थंड हवेचें यंत्र, विजेवर चालणाऱ्या कांचा, आवाज अडविणारे थर हे सुखाचे. परंतु पंधरा इंचांपासून पुढें वाढत जाणारीं चाकें, चौपट शक्ति, आणि जुनीचा चेहरा आठवावा म्हणून राखलेला बाक, हे गरजेपेक्षां रुचीचे विषय आहेत. जुनी मिनी अडचणींतून जन्मली. तिचें रूप हें तिच्या कामाचें फळ होतें. नवीनें तें रूप आधीं घेतलें आणि यंत्र त्यांत बसविलें. म्हणजे इसिगोनिस यांचा क्रम पुन्हां एकदां उलटला. नवी गाडी यामुळें वाईट ठरते असें नाहीं. परंतु दोघींचें नांव एक असलें तरी त्यांचें ध्येय एक नाहीं, हें ओळखलें पाहिजे.

वजनाविषयीं आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मतें तीच सर्वांत विचार करण्यासारखी आहे. जुनी व नवी मिनी प्रत्येकी ताशीं ५० किलोमीटर वेगानें समोरासमोर आदळल्या अशी कल्पना करा. गतिमानाच्या नियमानें हिशेब केला तर दोघी मिळून जड गाडीच्या दिशेनें ताशीं सुमारें १५ किलोमीटरनें सरकतील. म्हणजे जड गाडींतील माणसाच्या वेगांत ३५ किलोमीटरांचा फरक पडला, पण हलक्या गाडींतील माणसाच्या वेगांत ६५ चा. जड गाडी स्वतःच्या माणसांस वांचविते तें अंशतः दुसऱ्याच्या जिवावर. म्हणून ‘मला सुरक्षित वाटावें म्हणून मी मोठी गाडी घेतों’ असें प्रत्येकानें म्हटलें, तर रस्त्यावरील प्रत्येक गाडी जड होत जाते, आणि सायकलवाला व पायीं चालणारा यांच्या वांट्यास मात्र वाढता धोकाच येतो. चुरगाळणारें नाक, पट्टा व एअरबॅग हीं कोणाचें नुकसान न करितां रक्षण करतात. नुसतें वजन तसें करीत नाहीं. हा भेद गाडी घेणारानें मनांत ठेवावा.

आपल्या देशाशींहि या विषयाचा जवळचा संबंध आहे. १९८३ सालच्या डिसेंबरांत निघालेल्या ‘मारुति ८००’ गाडींत इंजिन आडवें व शक्ति पुढच्या चाकांस, हीच रचना होती. गिअरची पेटी मात्र इंजिनाच्या खालीं नसून त्याच्या टोंकास होती. आज भारतांत धांवणाऱ्या बहुतेक लहान मोटारी याच रचनेच्या आहेत; म्हणजे मिनी न पाहिलेला मनुष्यहि तिच्या कल्पनेचा लाभ नित्य घेत असतो. टाटा मोटर्सनें २००८ सालीं दाखविलेली ‘नॅनो’ ३.१ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ जुन्या मिनीएवढीच होती. तिनें इंजिन मागें ठेवून जागेचा प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडविला. ती २०१८ सालीं बंद पडली.

लहान म्हणजे किती लहान, हें आपल्याकडे कायद्यानें ठरविलें आहे. २००६ सालच्या अंदाजपत्रकांत चार मीटरांपेक्षां लांब नसलेल्या व १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत पेट्रोल-इंजिन असलेल्या गाड्यांवरील कर कमी केला गेला. या मोजपट्टीनें पाहतां वर वर्णिलेली नवी मिनी लांबीनें लहान ठरते, पण इंजिनानें ठरत नाहीं! आणि तिची लांबी आमच्या चार-पांच माणसांच्या कुटुंबाची मोठी गाडी म्हणून मिरविलेल्या पद्मिनीच्या जवळपास आहे.

सुरक्षिततेच्या बाबतींत आपली स्थिति फार दिवस जुन्या मिनीसारखीच होती. २०१४ सालच्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान मोटारींच्या टक्कर-परीक्षेचे निकाल प्रसिद्ध केले. मोठ्या माणसांच्या रक्षणाबद्दल त्यांपैकीं एकीसहि एकहि तारा मिळाला नाहीं. या पांचांत फोक्सवॅगनची ‘पोलो’ होती. तीच गाडी दोन एअरबॅगांसह तपासली तेव्हां तिला चार तारे मिळाले. म्हणजे लहानपणा हा दोष नव्हता. काटकसर चुकीच्या ठिकाणीं केली होती, हा दोष होता. पुढें कायदे झाले. १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्याच्या गाड्यांस पुढील दोन्ही आसनांपुढें एअरबॅगा सक्तीच्या झाल्या. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच देशांत ‘भारत एनकॅप’ ही तारे देणारी परीक्षा सुरू झाली. गाडी पाहावयास जातांना पालकांनीं रंग व पडद्याचा आकार विचारण्यापूर्वीं हे तारे विचारावे.

एवढें करूनहि एक काम कारखाना आपल्यासाठीं करूं शकत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत एका उत्तम व महागड्या गाडीस पुलावर अपघात झाला. मागच्या आसनावरील दोघे मृत्यु पावले; त्यांनीं पट्टे बांधले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. पुढें बसलेले दोघे जखमी होऊनहि वांचले. पट्ट्यास किंमत पडत नाहीं, तो बांधण्यास दोन सेकंद लागतात, आणि मागें बसणारासहि तो तितकाच लागू आहे. घरच्या गाडींत वडील मंडळींस याची आठवण करून देणें हें विद्यार्थ्यांनीं आपलें काम समजावें. त्यांत अविनय मुळींच नाहीं.

आतां दोघींचा निवाडा करावयाचा तर तो असा करतां येईल. जुन्या मिनीनें माणसास किती थोड्या जागेंत, किती थोड्या खर्चांत नीट नेतां येतें हें दाखविलें; अपघात झाल्यास त्याचें काय होईल, या प्रश्नाकडे तिनें पुरेसें पाहिलें नाहीं. नव्या मिनीनें या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर चांगलें दिलें. पण तें देतां देतां पहिला प्रश्न ती बरीचशी विसरली. जुनीच्या कौतुकांत तिचा धोका विसरूं नये, आणि नवीच्या सुखांत जागा व वजन यांची उधळपट्टी गरज म्हणून खपवूं नये. २०२० पासून विजेवर चालणारीहि मिनी निघाली आहे. धूर सोडीत नाहीं हा तिचा मोठा गुण, परंतु बॅटरीमुळें तिचें वजन तेराशें किलोंहून अधिक भरतें. म्हणजे हलकी, लहान, निर्धूर आणि आंत-बाहेर सर्वांस सुरक्षित अशी गाडी अद्याप कोणीं केलेली नाहीं. तें काम शिल्लक आहे. आणि कागद, पेन्सिल व पदार्थविज्ञानाचें पुस्तक एवढ्या साहित्यावर त्याचा आरंभ आपल्या वर्गांतील एखाद्या बांकावरहि होऊं शकेल.